कावीळ हा रोग नव्हे

सोमवार, ९ ऑगस्ट १९९९, सकाळी साडेदहा वाजता, शहापूरच्या एका सभागृहात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी पुन्हा वही उघडून बसलो.

मुरबाड तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लेखनिक होतो. डॉक्टर इंग्रजीत जे निदान लिहीत, ते मी नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेत असे. अठरा वर्षे उतरवले. अर्थ विचारला नाही. अक्षर चांगले असले की लेखनिकाचे काम झाले, अशी माझी समजूत होती. आता नोंदी शरीरातील संस्थांप्रमाणे वेगळ्या करून ठेवायच्या होत्या, म्हणून शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या लेखनिकांना वैद्यकीय परिभाषा शिकवण्याचे ठरले होते. पहिल्या दिवशी पचनसंस्था, रक्त आणि रोगप्रतिकार संस्था.

शिकवण्यास एक डॉक्टर बाई आल्या होत्या. वय तिशीच्या आत. माझ्या शेजारी किन्हवलीकडचा एक लेखनिक बसला होता. तो कानाशी म्हणाला, "पेन्शनीला तीन वर्षं राहिली आणि आता आतडी मोजायला बसवलंय." मी वहीत तारीख घातली. वर्गात बोलणे मला आवडत नाही.

बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे इंग्रजी शब्दांचे तुकडे, उजवीकडे मराठी. गॅस्ट्रो म्हणजे जठर. एंटेरो म्हणजे आतडे. हेपॅटो म्हणजे यकृत. आयटिस म्हणजे दाह. जे शब्द मी अठरा वर्षे चित्रासारखे काढीत आलो होतो, ते सुटे होऊन पडू लागले. हे मला आवडले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्ध्या तासात मी चार पाने भरली.

नोकरीखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होते. त्याचा पगार नव्हता. आमच्या घराण्यात काविळीचे औषध आहे. वडिलांनी ते मला दिले, त्यांना त्यांच्या वडिलांनी. रविवारी सूर्य उगवण्यापूर्वी द्यायचे, एक पैसा घ्यायचा नाही, रोग्याच्या घरी पोहोचेपर्यंत वाटेत कोणाशी बोलायचे नाही. एक मुळी ताकात उगाळून पाजायची. मग एका झाडाची साल ठेचून काढलेला रस रोग्याच्या तळहातांवर चोळायचा आणि चुन्याच्या निवळीने हात धुवायचे. खाली काशाचे ताट असते. पाणी पिवळेधमक उतरते. ते उतरले की कावीळ बाहेर पडू लागली असे समजायचे. असे तीन दिवस. रस चोळताना देणाऱ्याने पळसाचे पान वापरायचे, स्वतःच्या हाताला रस लागू द्यायचा नाही. लागला तर रोग्याची कावीळ देणाऱ्याकडे येते. पुढे सात दिवस मीठ, तेल, हळद बंद. आणि सात दिवस अंगाला सुई लावायची नाही. सुई लागली की औषध उलटते.

मी आरोग्य केंद्रात नोकरी करीत असूनही हे औषध देत होतो. डॉक्टरांना ठाऊक नव्हते. आठवड्याचे सहा दिवस मी त्यांच्या इंजेक्शनांचा हिशेब लिहीत असे आणि सातव्या दिवशी इंजेक्शन घेऊ नका म्हणून सांगत असे. यात मला कधी विसंगती दिसली नाही.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मी धसईच्या पलीकडे धाकट्या बहिणीच्या घरी पहाटे गेलो होतो. तिच्या मुलीचे, माझ्या भाचीचे, डोळे पिवळे झाले होते. पोर एकोणीस वर्षांची. मार्गशीर्षात तिचे लग्न ठरले होते. भाताच्या आवणीच्या दिवसांत तिला ताप येऊन जाऊन होता. चिखलातले काम म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मी विचारले, लघवी कशी होते? ती लाजली. बहिणीने सांगितले, "काळ्या च्यासारखी." मी त्यावरून कावीळ फार चढली असे ठरवले आणि मुळी दीडपट उगाळली. तिचे तळहात चुना लावल्यासारखे पांढरे होते, हेही मी पाहिले. रस चोळताना ते माझ्या समोरच होते. ताटात पाणी पिवळे उतरले. उरलेला रस आणि निवळी बहिणीकडे ठेवली, सोमवार-मंगळवारी कसे धुवायचे ते सांगितले, सुईची ताकीद दिली आणि परतलो.

साडेअकराच्या सुमारास बाईंनी फळा पुसला. नवीन मथळा लिहिला : कावीळ. मी सरळ होऊन बसलो. हा विषय माझा होता.

त्या म्हणाल्या, "कावीळ हा रोग नव्हे. ते लक्षण आहे."

मागे कोणीतरी हसले. मी हात वर केला. मी विचारले, "रोग नव्हे, तर लोक मरतात कशाने?"

"ते ज्या कारणाने पिवळे झाले, त्या कारणाने," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोणी पिवळा होऊन आला, तर आधी विचारायचं की बिघाड कुठे आहे. यकृताच्या आत आहे, की पित्त वाहून नेणाऱ्या नळीत आहे, की यकृताच्याही आधी, रक्तातच आहे."

रक्तात, हे मी प्रथमच ऐकले.

त्यांनी तांबड्या पेशीचे चित्र काढले. पेशी जुनी झाली की पानथरीत मोडते. पानथरी डाव्या बरगडीखाली असते. रोगांशी झगडणाऱ्या संस्थेतलेही ते एक इंद्रिय आहे. मोडलेल्या पेशीतून पिवळे द्रव्य निघते आणि यकृत ते पित्तात सोडते. परंतु पेशी एकदम आणि फार फुटू लागल्या तर यकृताला आवरत नाही. डोळे पिवळे होतात. यकृत धडधाकट असूनही होतात. यकृताच्या काविळीत लघवी मोहरीच्या तेलासारखी गर्द पिवळी असते. रक्त वेगाने फुटत असेल तर ती काळ्या चहासारखी होते.

माझी पेन्सिल थांबली.

"तळहात बघा," बाई सांगत होत्या. "पिवळे डोळे आणि पांढरे तळहात एकत्र दिसले, तर समजा रक्त जातंय. आपल्या जंगलपट्टीत हिवतापानेही असं होतं. अशा रोग्याला तासांचाही उशीर चालत नाही."

नंतर त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. हिमो म्हणजे रक्त. लायसिस म्हणजे फुटून विरघळणे. पुढे ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय.

हा शब्द मी ओळखला. तो माझ्या अक्षरात आमच्या केंद्राच्या नोंदवहीत होता. सहा वर्षांपूर्वी वैशाखरे गावचा एक माणूस माझे औषध घेऊन गेला होता. चौथ्या दिवशी त्याच्या घरच्यांनी घाबरून त्याला केंद्रात आणले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि मोठ्या इस्पितळात धाडले. तेथे तो त्याच दिवशी गेला. पुढे कागद आला आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात मी हा शब्द उतरवून घेतला. दोन ओळींचा मथळा असावा तसा, नीट मधोमध. आणि त्यानंतर सहा वर्षे, औषध देताना प्रत्येक घरात मी सांगत आलो की वैशाखऱ्याचा माणूस सुई घेतली म्हणून गेला.

कारण माझ्याच हाताने लिहिलेले होते आणि ते मला वाचता येत नव्हते.

शेजारच्या लेखनिकाने विचारले, "काय झालं? चक्कर आली काय?" मी नाही म्हणालो. त्याला माझा चेहरा कसा दिसला असेल, ते मला सांगता येणार नाही. मी उठून बाईंच्या टेबलापाशी गेलो. वर्ग चालू असताना मी आयुष्यात प्रथमच जागा सोडली. त्यांना एवढेच सांगितले की माझ्या भाचीचे डोळे पिवळे आहेत, तळहात पांढरे आहेत आणि लघवी काळी आहे.

त्यांनी खडू खाली ठेवला. "कधीपासून?"

"तीन दिवस."

"मग तुम्ही इथे काय करताय?" त्या म्हणाल्या.

सरळगावच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली, तरी मी उभाच राहिलो. सरळगावहून धसईपर्यंत एका टेम्पोत गेलो, पुढे पायी. बहिणीच्या अंगणात पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

भाची ओटीवर घोंगडीवर निजली होती. उन्हाचा उजेड होता, त्यामुळे काल पहाटे दिव्याच्या उजेडात जे दिसले नव्हते ते आज स्पष्ट दिसले. ओठांना रंग नव्हता. ती म्हणाली, "मामा, आज तर रविवार नाय." मी तिच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. तेथे दगडासारखे काहीतरी लागले. ती कळवळली.

बहीण आतून आली. मी म्हणालो, "हिला आत्ता दवाखान्यात न्यायचे आहे. गाडी बघ."

"दवाखान्यात?" ती म्हणाली. "तिथं सुई टोचतील रे."

"टोचू दे."

"दादा, तूच सांगितलंस ना काल? सात दिवस सुई लावायची नाय. सकाळीच तो तापाचा माणूस आलता, बोटाला टोचून रक्त घ्यायला. मी दारातून परत पाठवला त्याला. बोलली, माझ्या भावाचं औषध चालू आहे."

तो माणूस आमच्याच केंद्राचा होता. ताप असेल त्या घरी जाऊन बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेणे हे त्याचे काम. त्या काचांची नोंदवही माझ्याकडेच होती. तो वेळेवर आला होता. त्याला माझ्या शब्दाने परत जावे लागले.

ओटीच्या टोकाला बहिणीची सासू तांदूळ निवडत बसली होती. तोंडाने फटकळ बाई. ती म्हणाली, "काय पावणं, एका दिवसात मत फिरलं? वैशाखऱ्याचा बाप्या सुईनं गेला, ते तुमीच सांगत आलात ना? का तो दुसऱ्याच्या घरचा होता म्हणून सांगत होता?"

"तो सुईने गेला नाही," मी म्हणालो. "त्याचे रक्त फुटत होते. ते मला आज कळले. मी सहा वर्षे खोटे सांगत आलो."

"आज कळलं? शहापूरला जाऊन?" म्हातारी म्हणाली. "अन् उद्या कल्याणला गेलात तर परत काय कळंल?"

माझ्या शब्दावर त्यांनी पोर घरात ठेवली होती. आता त्याच शब्दाने बाहेर काढायची होती. तो शब्द मी स्वतःच बाद ठरवला होता. बहीण रडू लागली. "नियम मोडला आणि काय झालं तर लग्नाघरच्यांना काय सांगू?" ती म्हणाली. "सकाळीपण पाणी पिवळं उतरलं रे, कालच्यासारखंच. कावीळ निघतेय."

कोनाड्यात रसाची वाटी होती. शेजारी निवळीचा तांब्या. मी वाटी खाली घेतली.

हे मी आधी ठरवले नव्हते. खरे तर काय होईल याची मला खात्रीही नव्हती. मी उजव्या हाताची बोटे वाटीत बुडवली आणि रस दोन्ही तळहातांना चोळला. चाळीस वर्षांत तो प्रथमच माझ्या कातड्याला लागत होता. बहीण ओरडली, "दादा, तुला होईल!" मी हात ताटावर धरले आणि म्हणालो, "ओत."

ती ओतेना. म्हातारी उठली आणि तिने तांब्या उचलून निवळी ओतली.

पाणी पिवळे झाले. भाचीचे झाले होते तितकेच, त्याच रंगाचे. ताटात खाली पिवळा साका बसू लागला.

मी पाहत राहिलो. चाळीस वर्षे लोकांनी हे पाणी पाहून मला हात जोडले होते. माझ्या वडिलांनाही जोडले होते. आम्ही रस हाताला लागू दिला नाही, म्हणून आम्हाला कधी कळले नाही. ज्याने तो नियम घातला, त्याला कळले होते की नाही, हा विचार त्या क्षणी मनात आला आणि मी तो बाजूला सारला. वेळ नव्हता.

म्हातारीने पदर खोचला आणि माझ्यासमोर हात पुढे केले. "लावा मलाबी."

मी लावला. निवळी तिने स्वतःच ओतून घेतली. पिवळे.

"म्हंजे मलाबी कावीळ?" ती म्हणाली. "आणि कधीपासनं? जन्मल्यापासनं?" मग तिने ताट अंगणात भिरकावले. काशाचे ताट दगडावर खणखणले. सुनेकडे वळून म्हणाली, "रडते काय गो उभी? जा, त्या भाजीवाल्याची जीप बघ. धसईच्या बाजारातनं आली असंल. बोल, मी सांगितलंय."

भाचीने हे सर्व पडल्या पडल्या पाहिले. तिला उचलताना ती मला म्हणाली, "मामा, मग आता मीठ खाऊ का?" मी म्हणालो, "खा."

जीपमध्ये भेंडीच्या टोपल्या होत्या. त्या उतरवण्यात वेळ नको म्हणून जीपवाल्याने त्या वर टपावर बांधल्या. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा डोळा ओढून पाहिला, तळहात पाहिला, डाव्या बरगडीखाली बोटे दाबली. मी हात ठेवला होता तेथेच. रक्ताची काच घेतली. सूक्ष्मदर्शकातून वर पाहून ते परिचारिकेशी इंग्रजीत बोलू लागले. अठरा वर्षे असे बोलणे माझ्या कानांवरून गेले होते. त्या दिवशी प्रत्येक शब्दाचे तुकडे पडून मला कळत होते. हिमोलिसिस. पानथरी वाढलेली. हिवताप, मेंदूवर जाणारा. रक्त चौथ्या हिश्श्यावर. बहीण विचारीत होती, "काय बोलतात रे?" मी तिला सांगितले नाही.

डॉक्टरांनी मला विचारले, "याआधी काही औषध दिलं होतं?"

"होय. मी दिले," मी म्हणालो. मुळीचे नाव सांगितले. वडिलांनी जे कोणाजवळही उच्चारू नको म्हणून बजावले होते, ते नाव परिचारिकेसमोर, बहिणीसमोर सांगितले. किती उगाळली तेही सांगितले. ते कागदावर लिहीत गेले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते असेही नाही. ते म्हणाले, "सलाईनमधून औषध सुरू करतो. पण हिला रक्त लागेल आणि ते इथे नाही." रुग्णवाहिका बाहेरच उभी होती.

शहरातल्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रक्तपेढीत माझे रक्त तपासले. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला चालेल की नाही, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. परके वाटले तर शरीरातील प्रतिपिंडे त्याच्यावर तुटून पडतात. सकाळी हे वाक्य मी वहीत लिहून घ्यायला हवे होते, परंतु त्याच्या आतच मी वर्ग सोडला होता. तेथल्या तंत्रज्ञाने मला समजावले. काचेवर त्याने दोन्ही रक्तांचे थेंब एकत्र केले आणि तो वाट पाहत राहिला. मीही वाट पाहिली. थेंबात गुठळ्या पडल्या असत्या तर माझा काही उपयोग नव्हता. पडल्या नाहीत. त्याने मला खाटेवर झोपण्यास सांगितले. मी बाही वर केली. सुई आत गेली तेव्हा मी दुसरीकडे पाहिले नाही.

पिशवी तिच्या खाटेशी टांगली गेली. थेंब पडू लागले. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. बहीण भिंतीला टेकून खाली बसली.

भाची वाचली. मार्गशीर्षात नाही, पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. मी त्यानंतर कोणालाही औषध दिले नाही. जे येत त्यांना मी कारण सांगून केंद्रात पाठवीत असे. काही जण जात, काही शिव्या देऊन दुसरीकडे जात. वैशाखऱ्याच्या त्या घरी मी पुढच्याच रविवारी गेलो. त्या घरात काय बोलणे झाले, ते येथे लिहिणार नाही.

त्या सोमवारी मात्र यातले काहीच मला माहीत नव्हते. परिचारिका येऊन म्हणाली, हिवतापाचा रोगी आहे, डास चावून दुसऱ्या खाटांवर जातील, मच्छरदाणी लावा. मच्छरदाणी तिने दिली. खाटेला दांड्या नव्हत्या. मी पट्टीची फीत फाडून तिचे चार तुकडे केले. दोन कोपरे भिंतीतल्या खिळ्यांना बांधले, तिसरा रक्ताच्या पिशवीच्या उभ्या दांड्याला, पिशवी हलणार नाही अशा बेताने. चौथा खिडकीच्या गजाला बांधला आणि कड गादीखाली सगळ्या बाजूंनी खोचली.